साधा दिवस सांभाळ, पोरी

दादा सांगत होता, तुझी केस मॅनेजर म्हणून नेमणूक झाली आणि पुढच्या सोमवारपासून तू घरोघरी जायला लागणार. ऐकून फार बरं वाटलं गं. पद नवं वाटत असेल, पण काम जुनं आहे. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली पहिली वैद्यकीय समाजसेवक नेमली गेली, तेव्हापासून आमच्यासारख्या कितीतरी जणींनी ते केलं. डॉक्टर पेशंटला दहा मिनिटं बघतात, घर चोवीस तास बघतं. त्या दोघांच्या मधला रस्ता तुला चालायचा आहे.

एवढं मनाशी बांध: मधुमेह, हृदय, मूत्रपिंड, विस्मृती ही दुखणी बरी व्हायची नसतात, सांभाळायची असतात. साधा दिवस नीट सांभाळला, की वाईट रात्री कमी येतात. खाली लिहिलंय ते सगळं साध्या दिवसाचं आहे. एका बैठकीत वाचू नकोस, तुला तशी घाई फार.

पहिली भेट

१. पहिल्या भेटीत फाइल पिशवीतच राहू दे, आधी दिलेलं पाणी पी – ज्या घरचं पाणी घेतलं, त्या घरची अडचण कानावर येते.

२. आधी आजी-आजोबांशी बोल, मग मुलाशी – ज्या माणसानं आयुष्यभर घर चालवलं, त्याच्यासमोरच ‘यांना काय होतंय?’ असं दुसऱ्याला विचारलं, तर तो पुन्हा तोंड उघडत नाही.

३. काय म्हणून हाक मारू, हे त्यांनाच विचार – निवृत्त मुख्याध्यापकांना ‘सर’ म्हटलं तर ते गोळीही घेतील, ‘आजोबा’ म्हटलं तर भिंतीकडे तोंड करतील.

४. बोलण्याआधी चष्मा, कवळी, कानातलं यंत्र जागेवर आहे का बघ, आणि कुठल्या कानानं बरं ऐकू येतं ते विचारून त्या बाजूला बस – मान हलली म्हणजे कळलं, असं धरून चालू नये.

५. तीन प्रश्न पहिल्याच दिवशी सोडव: सांभाळतं कोण, पैसे देतं कोण, निर्णय घेतं कोण – पुष्कळ घरांत सांभाळते सून, पैसे देतो पुण्याचा मुलगा आणि शेवटचा शब्द असतो न्यू जर्सीच्या थोरल्याचा.

६. जी सांभाळते तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोल, जमलं तर स्वयंपाकघरात – बाहेरच्या खोलीत सगळं ‘छान चाललंय’ असतं, खरं ओट्यापाशी कळतं.

७. आजारी माणसाला स्वतःला काय हवंय ते त्याच्याच शब्दांत लिहून घे – डॉक्टरांना शुगर खाली आणायची असते, आजींना नातीच्या लग्नात पंगतीत बसून जेवायचं असतं. शुगरची गोष्ट त्या पंगतीला जोडलीस, की त्या स्वतःहून गोळी मागून घेतील.

८. ‘मी सगळं बघते’ असं कुठल्याही घरी म्हणू नकोस, ‘आपण मिळून बघू’ म्हण – तू आठवड्यातून एकदा येणार, बाकीचे दिवस त्यांनाच निभवायचे आहेत.

वही

९. प्रत्येक घराला एक दोनशेपानी वही करायला लाव आणि ती सुतळीनं पलंगाला किंवा खिळ्याला बांधायला सांग – आठवणीवर चाललेलं आजारपण अडखळतं, वहीवर चाललेलं सावरतं.

१०. पहिल्या पानावर नाव, वय, वजन, आजार, कुठल्या औषधाची ॲलर्जी, सध्याच्या गोळ्या, डॉक्टरांचा नंबर, दोन नातेवाइकांचे नंबर आणि १०८ – रात्री दोन वाजता शेजारच्या मुलाला हे सगळं पाठ नसतं, पण पान फाडून ॲम्ब्युलन्समध्ये द्यायला जमतं.

११. ‘बीपी वाढलंय’ असं लिहू देऊ नकोस, आकडा आणि वेळ लिहायला लाव – शब्दाला डॉक्टर मान डोलावतात, आकड्यावर औषध बदलतात.

१२. रिपोर्ट तारखेनं लाव, नवा वर, आणि ईसीजीची झेरॉक्स किंवा फोटो लगेच काढून ठेव – तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, काही महिन्यांत फिका पडतो आणि नेमका हवा तेव्हा कोरा निघतो.

१३. डॉक्टरांकडे जाताना तीनच प्रश्न लिहून न्यायचे, मोठा आधी – निघता निघता दाराशी विचारलेल्या प्रश्नाला उभ्याउभ्याच उत्तर मिळतं.

१४. घरी परतल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते वहीतून सगळ्यांसमोर एकदा मोठ्यानं वाचायचं – तिघं आत गेले असतील, तर तिघांनी तीन गोष्टी ऐकलेल्या असतात.

गोळ्यांचा डबा

१५. दुसऱ्या भेटीत एक रिकामं स्टीलचं ताट माग आणि घरातली सगळी औषधं त्यात ओतायला सांग: उशाखालच्या पट्ट्या, फ्रिजवरची बाटली, देव्हाऱ्यामागचा काढा, शेजारणीनं दिलेली गुडघ्याची पुडी – प्रत्येक डॉक्टरला आपापली चिठ्ठी ठाऊक असते, अख्खं ताट कुणीच पाहिलेलं नसतं.

१६. पट्टीवरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाच – दोन डॉक्टरांनी दोन नावांनी एकच गोळी दिलेली असते, आणि आजोबांना चक्कर का येते याचा शोध घर महिनाभर घेत बसतं.

१७. पट्टी कात्रीनं कापायची वेळ आलीच, तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटी वापरायचा – नुसत्या चंदेरी चौकोनातली गोळी कशाची, हे मेडिकलवालाही सांगू शकत नाही.

१८. पाच किंवा जास्त औषधं चालू असतील तर दर भेटीला डॉक्टरांना विचार, ‘यातलं आता काय बंद करता येईल?’ – सुरू करायला सगळे असतात, बंद करायची आठवण कुणीतरी करून द्यावी लागते.

१९. अंगदुखी-गुडघेदुखीची गोळी परस्पर मेडिकलमधून आणू देऊ नकोस – म्हातारपणी त्यातल्या कितीतरी गोळ्या मूत्रपिंडावर येतात, बीपी वाढवतात, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पोटात रक्तस्राव करतात.

२०. पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळची करून घे – रात्री चारदा उठणारा माणूस एकदा पडतोच.

२१. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळीपासून निदान चार तास लांब – एकत्र घेतल्या तर ती गोळी नीट लागू पडत नाही, आणि डोस उगाच वाढत जातो.

२२. शुगर उतरल्याची खूण घरातल्या पोराटोरांनाही शिकव: घाम, थरथर, धडधड, एकाएकी चिडचिड. मशीनवर ७० च्या खाली असेल तर पाण्यातून तीन चमचे साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं – पण शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, १०८ ला फोन करायचा, कारण साखरेचं पाणी श्वासनळीत जातं.

२३. ‘उपास सोडा’ म्हणू नकोस, ‘उपास कधी असतो?’ असं विचार आणि त्या दिवशीच्या गोळ्यांचं डॉक्टरांकडून आधी ठरवून घे – रागावलं की एकादशी लपवली जाते, आणि रिकाम्या पोटी घेतलेलं इन्शुलिन लपत नाही.

२४. इन्शुलिन फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब – एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, फेकूनच द्यायचं.

२५. दम्याचा पंप ‘घेता ना?’ असं विचारू नकोस, ‘घेऊन दाखवा’ म्हण, आणि स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लाव – अर्धं औषध हवेत जात असतं, उरलेल्यानं तोंडात पांढरे चट्टे येतात.

२६. डब्यात आठवड्याभराच्या गोळ्या उरल्या की नवी खरेदी, आणि खर्चाची ओढाताण असेल तर जनऔषधी केंद्र दाखव – मात्र नाव बदललं की वहीत जुन्यासमोर नवं लिहायचं, नाहीतर दोन्ही घेतल्या जातात.

२७. गोळ्या सोडल्या असं कळलं तर आवाज चढवू नकोस, कारण विचार – पैसे नसतात, मळमळत असतं, लघवीला पळावं लागतं म्हणून गावाला जाताना टाळलेली असते. रागावलं की गोळी खिशात जाते, विचारलं की पोटात.

घर आणि अंग

२८. एका संध्याकाळी दिवे मालवून पलंगापासून मोरीपर्यंत आजींच्या चालीनं स्वतः चालून बघ – सरकणारं पायपुसणं, कूलरची वायर, अंधारातला उंबरठा आणि मोरीतली ओली फरशी तुझ्या पायाला कळेल, मग कुणाला समजावावं लागणार नाही. तिथे रात्रीचा लहान दिवा आणि भिंतीला धरायला दांडी, एवढ्यानं माकडहाड आणि खुबा वाचतो.

२९. पलंगावरून उठताना आधी काठावर पाय सोडून मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं – एकदम उठलं की बीपी उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

३०. हृदय कमकुवत असलेल्यांचं वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीआधी आणि एकाच काट्यावर – दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अन्न नसतं, अंगात साठलेलं पाणी असतं. पायाची सूज आणि धाप यायच्या आधी काटा सांगतो.

३१. मीठ मोजायचं तर आमटीपासून नको, लोणचं-पापड-फरसाणापासून सुरुवात कर – जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा. तो जेवणाआधीच संपलेला असतो.

३२. डायलिसिसवरच्या माणसाला भेटायला येणाऱ्यांनी शहाळं आणायचं नाही, आणि ‘कमी सोडियमचं’ मीठही घरात नको – दोन्हींत पोटॅशियम भरपूर, आणि निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकत नाही, ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं.

३३. डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, घट्ट बांगडी नाही, बाजाराची पिशवी नाही. रोज सकाळी त्यावर बोट ठेवून थरथर बघायची – ती थांबली तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

३४. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, आणि रोज अंघोळीला टाचा व माकडहाड बघायचं – दाबल्यावर लाली जात नसेल तर बेडसोर सुरू झाला. एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं संपत नाही.

३५. भरवताना ताठ बसवायचं, लहान घास, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही – ठसक्यानं फुप्फुसात गेलेला घास न्यूमोनिया होऊन बाहेर दिसतो.

३६. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको – गाडीत मांडीवर धरली की लघवी उलटी वर चढते, आणि तीन दिवसांनी थंडी वाजते.

३७. काल नीट बोलणारी आजी आज एकाएकी भलतंच बोलायला लागली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू देऊ नकोस – लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं किंवा नवी गोळी, यांतलं काहीतरी असतं. म्हातारपणी ताप नसतानाही संसर्ग असतो.

३८. विस्मृती झालेल्याशी वाद घालायचा नाही – ऐंशीच्या आजी ‘आई न्यायला येणारे’ म्हणाल्या, तर ‘ती केव्हाच गेली’ हे उत्तर त्यांना दर वेळी नव्यानं रडवतं. ‘आई काय करायची हो तुमच्यासाठी?’ असं विचारलं, की त्या पुरणपोळीवर येतात आणि दार उघडायचं विसरतात.

३९. मधुमेह्याचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या रोज दुसऱ्या कुणीतरी बघायच्या, घरातही चप्पल – त्यांना काटा टोचलेला कळत नाही, पण तोच पुढे बोट घेऊन जातो.

४०. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यांतलं एक जरी दिसलं तरी आधी घड्याळ बघायचं आणि मेंदूचा सीटी स्कॅन होतो त्या रुग्णालयात पळायचं – गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न ‘शेवटचं नीट कधी पाहिलं?’ हाच विचारतात.

४१. फ्लूची लस दर वर्षी, आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांना एकदा विचारायचं – अशक्त छातीला साधी सर्दीही दवाखान्यापर्यंत नेते.

सांभाळणारीकडे बघ

४२. दर भेटीला सुनेला, मुलीला, बायकोला विचार, ‘काल तुम्ही किती झोपलात?’ – पेशंटची शुगर सगळे विचारतात, तिची झोप कुणी विचारत नाही. ती आडवी झाली, तर घरात दोन पेशंट.

४३. तिच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या कुठे आहेत, तेही विचार – सासऱ्यांच्या गोळ्या चुकत नाहीत, स्वतःच्या संपून पंधरा दिवस झालेले असतात.

४४. तिची सुटी वार आणि नाव घालून ठरवून दे: गुरुवारी दुपारी दोन ते सहा, धाकटे दीर – ‘कोणीतरी येईल’ म्हणजे कोणीच येत नाही.

४५. भावंडांना एकत्र बसवून कामाची यादी कर आणि लांबच्यांनाही काम दे: औषधांची ऑर्डर, विम्याचे कागद, रविवारचा व्हिडिओ कॉल – हात राबतात एकाचे आणि सल्ले येतात चौघांचे, तिथे भांडण ठरलेलं.

४६. परदेशातल्या मुलाशी बोलायची वेळ ठरवून दे, आणि वहीच्या पानाचा फोटो त्याला आठवड्याला पाठवायला सांग – तो रागावतो तेव्हा बहुतेक वेळा घाबरलेला असतो. माहिती मिळाली की आवाज खाली येतो.

४७. ब्युरोकडून सांभाळायला आलेल्या बाईला नावानं हाक, वेळेवर चहा, ठरलेली सुटी आणि कामाची लेखी यादी मिळते का बघ – जिला घरानं माणूस मानलं, ती रात्री हाकेसरशी उठते.

४८. नणंद-भावजयीच्या वादात कुणाचीही बाजू घेऊ नकोस, पेशंटची घे – ‘आईंना कशानं बरं वाटेल?’ या प्रश्नाला दोघींनाही उत्तर द्यावंसं वाटतं.

४९. सांभाळणारी ओरडली म्हणून तिला वाईट ठरवू नकोस, आधी पाणी दे – चिडणं बहुतेक वेळा थकव्याचं असतं. रडू थांबत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिथल्या तिथे लावून दे, तिथे मराठीत बोलता येतं.

५०. पण अंगावर वळ, कोंडून ठेवलेलं दार, मुद्दाम उपाशी ठेवणं दिसलं, तर गोड बोलण्यात वेळ घालवू नकोस – आधी आपल्या वरिष्ठांना सांग. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे आणि २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदाही आहे. भलं गृहीत धरायचं, डोळे मिटायचे नाहीत.

५१. कौतुक नेमकं कर – ‘छान करता हो तुम्ही’ हवेत जातं. ‘सहा महिने अंथरुणावर आणि पाठीला एकही व्रण नाही’ हे ऐकून त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी येतं आणि पुढचे सहा महिने निघतात.

कागद

५२. आधार, रेशनकार्ड, विम्याची पॉलिसी यांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते बरं असतानाच ताडून घे – एका अक्षराच्या फरकानं ऑपरेशन अडतं.

५३. वय ७० पार असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवायला लाव – ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेतल्याच रुग्णालयात आणि दाखल झाल्यावरच. बाहेरच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, हेही आधीच सांग.

५४. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला दाखल होतानाच गाठायचं – बिल हातात आल्यावर त्याचेही हात बांधलेले असतात.

५५. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, तेव्हा तिथल्या समाजसेवकाला आधी भेट – तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला फाइलमध्ये तयार असेल, तर अर्ध्या फेऱ्या वाचतात.

५६. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, आणि केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या निवृत्तांना ऑक्टोबरपासूनच देता येतो – अंथरुणावरच्या माणसाचा चेहरा मोबाइलवर दाखवूनही तो होतो, खुर्चीत बसवून बँकेत न्यायची गरज नाही.

५७. बँकेच्या खात्याला वारस आणि जोडीदाराचं नाव लावलंय का ते विचार – पैसे त्यांचेच असतात, पण सही थरथरायला लागली की औषधाला मिळत नाहीत.

५८. घर मुलाच्या नावावर करायचं मनात असेल तर वकिलाला विचारून बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहून घ्यायला सांग – अट मोडली तर २००७ च्या कायद्याचं कलम २३ पाठीशी उभं राहतं. प्रेमावर विश्वास असावा, कागदावर अक्षर असावं.

५९. शुद्धीत असतानाच ‘मला नळ्या नकोत’ किंवा ‘सगळे प्रयत्न करा’ हे त्यांनी लिहून ठेवलेलं बरं – सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. नाहीतर अतिदक्षता विभागाच्या दारात तो निर्णय मुलांच्या माथी येतो, आणि जन्मभर राहतो.

दवाखान्यातून घरी

६०. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच विचार: पलंग, ऑक्सिजन, कमोडची खुर्ची, ड्रेसिंग करणारी सिस्टर यांतलं काय लागणार – शनिवारी संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला रविवारी काहीच मिळत नाही, सोमवारी तो पुन्हा दाखल होतो.

६१. डिस्चार्ज कार्ड घेऊन वहीत तीन रकाने पाड: चालू, बंद, नवीन – जुन्या डब्यातल्या गोळ्या आणि नव्या पिशवीतल्या गोळ्या एकत्र पोटात जाण्याचा धोका याच आठवड्यात सगळ्यांत मोठा.

६२. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन, आठवड्याच्या आत भेट – पहिल्या आठवड्यात पकडलेली चूक फोनवर सुटते, दुसऱ्या आठवड्यात तिला खाट लागते.

६३. फ्रिजच्या दारावर तीन ओळींचा कागद चिकटव: कशाला थांबायचं, कशाला डॉक्टरांना फोन, कशाला थेट १०८ – घाबरलेल्या घराला विचार करायला लावू नये, वाचायला द्यावं.

शेवटचा काळ, आणि तू

६४. पॅलिएटिव्ह केअरचं नाव काढायला शेवटच्या आठवड्याची वाट बघू नकोस – वेदना, धाप, झोप यांवर इलाज करणं म्हणजे हात वर करणं नव्हे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या पेशंटसाठी हेच करत आलंय.

६५. माणूस गेल्यावर एकदा फाइल न घेता घरी जाऊन बस – कागदाचं विचारलं तर सांग: मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, पेन्शनच्या बँकेला कळवायचं, भाड्याचा पलंग परत करायचा. विचारलं नाही, तर नुसती बस. जी वर्षानुवर्षं रात्री उठत होती, तिला आता झोप येत नसते.

६६. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी, रिक्षात किंवा लिफ्टमध्ये बोलायची नाही – ज्या तोंडातून शेजारचं कळलं, त्याला आपलं कुणी सांगत नाही.

६७. फोन किती वाजता बंद होतो आणि त्यानंतर कुणाला लावायचा, ते पहिल्याच भेटीत सांग आणि पाळ – सदा जागी राहणारी मुलगी वर्षभरात काम सोडून जाते, आणि मग त्या घरांना नव्या मुलीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

६८. दुपारचा डबा वेळेवर खा, आणि जड दिवसानंतर आपल्या सोबतच्या कुणाशी तरी बोल – तुला जेवण टाळायची सवय आहे हे मला ठाऊक आहे, वहिनीकडून सगळं कळतं.

६९. एवढी यादी बघून बावरू नकोस. पहिल्या एक-दोन भेटींत प्रत्येक घरी तीनच गोष्टी कर: वही सुरू करून दे, गोळ्या ताटात ओतून बघ आणि सांभाळणारीची झोप विचार – एवढ्यानं निम्मं काम मार्गी लागतं. बाकीचं जे घर ज्या दिवशी मागेल, त्या दिवशी काढ, आणि अडलं तर मला फोन कर. माझा फोन रात्री दहाला बंद होतो.